उपक्रमशील शिक्षकाला बक्षीस द्यायचंय? आधी त्याच्या वर्गात जाऊन बसा

पावसाळा सुरू झाला की मुंबईतल्या शाळांच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं: "यंदा तुमचा प्रस्ताव टाका ना." प्रस्ताव म्हणजे आदर्श शिक्षक पुरस्कारासाठीची फाइल. तीत फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, प्रशस्तिपत्रांच्या झेरॉक्स, नगरसेवकांच्या हस्ते झालेल्या उद्‌घाटनाचा अहवाल. फाइल जितकी जाड तितकं काम मोठं, असा समज इतका मुरलाय की ज्यांना फाइल करायला जमतं त्यांच्याच गळ्यात हार पडतो. जे खरोखर काही वेगळं करत असतात त्यांना बहुधा फाइल करायला सवड नसते आणि स्वतःबद्दल लिहायचा संकोचही असतो.

हा लेख मुख्याध्यापक, संस्थांचे विश्वस्त, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक आणि शाळेसाठी काही करू पाहणारे माजी विद्यार्थी यांच्यासाठी आहे. शाळेच्या पातळीवर, थोड्या पैशांत, चांगला शिक्षक हेरून त्याला उपयोगी पडेल असं काही द्यायचं कसं, एवढाच विषय. सरकारी पुरस्कारांकडे शेवटी वळू.

पहिली पायरी: कोण हवंय ते ठरवा

"आदर्श शिक्षक" या बिरुदाखाली आपण वक्तशीरपणा, गोड स्वभाव, पंचवीस वर्षांची सेवा आणि स्नेहसंमेलनातली धावपळ हे सगळं एकत्र कोंबतो. हे गुण चांगलेच आहेत, पण त्यांचा सत्कार निराळा करा. इथे शोध आहे तो मुलं कुठे अडतात ते पाहून स्वतःहून मार्ग काढणाऱ्या माणसाचा.

समजा, भूगोलाच्या एका बाईंनी मुलांकडून प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून पर्जन्यमापक करून घेतले. जून ते सप्टेंबर मुलं रोज पाऊस मोजतात आणि आपले आकडे कुलाबा व सांताक्रूझ वेधशाळांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. मग बाई २६ जुलै २००५चे आकडे फळ्यावर लिहितात: सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. शहर एकच, तरी एवढा फरक का? या प्रश्नावर वर्ग आठवडाभर भांडतो. खर्च जवळपास शून्य. हा नवोपक्रम.

किंवा कोळीवाड्याजवळच्या शाळेतले गणिताचे सर. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया मासे विकतात, वाटा लावतात, तोंडी हिशोब करतात. सर शेकडेवारी आणि नफा-तोटा त्या हिशोबातूनच शिकवतात. एका आईला तासिकेला बोलावून "वाटा कसा ठरवता?" हे तिच्याच तोंडून मुलांना ऐकवतात. पुस्तकातल्या व्यापाऱ्यापेक्षा ती मुलांना जास्त पटते.

तिसऱ्या प्रकाराकडे आपलं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. हे शिक्षक स्वतः नवं काही काढत नाहीत, पण माणसं आणि साधनं जोडून आणतात. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठून दुपारी अभ्यासासाठी तिथला हॉल मिळवणं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मुलांची तपासणी करून घेणं, बंद पडलेलं ग्रंथालय माजी विद्यार्थ्यांकडून पुन्हा चालू करून घेणं, ही यांची कामं. यात खटपट, चिकाटी आणि नकार पचवायची ताकद लागते. तरी ही कामं "शैक्षणिक" नाहीत म्हणून बाजूला पडतात, ते बरोबर नाही.

काय धरायचं नाही तेही आधीच लिहून ठेवा. रंगवलेल्या भिंती, फक्त पाहुण्यांच्या दिवशी उघडणारा डिजिटल वर्ग, वर्षातून एकदा होणारा भव्य कार्यक्रम, यांतलं काहीही नको. मोबाइल किंवा टॅब वापरला म्हणून उपक्रम नवा होत नाही. तो वापरून मुलांना आधी न येणारं काय येऊ लागलं, एवढं विचारा.

दुसरी पायरी: अर्ज मागवू नका, शोधायला निघा

सगळा खेळ या पायरीवर आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

अर्ज मागवलात की फाइलवाले पुढे येतात. त्याऐवजी जुलैच्या सुरुवातीला तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा. प्रत्येक शिक्षकाला एक कोरी चिठ्ठी द्या: "आपल्या शाळेतल्या कोणत्या सहकाऱ्याकडून तुम्ही गेल्या वर्षात काही उचललंत? काय उचललंत?" स्वतःचं नाव लिहायचं नाही. मुलांना विचारा: "कोणत्या तासाला वेळ कसा गेला ते कळत नाही?" आणि शिपाईमामा व मावशींना विचारा, सुट्टीनंतरही मुलं कोणाच्या वर्गात थांबतात. शाळेत खरंच काय चाललंय ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तिन्हीकडे जी नावं पुन्हा पुन्हा येतील, त्यांच्या वर्गात जाऊन बसायचं.

काही माणसं तरीही नजरेतून निसटतात, त्यांना मुद्दाम हेरा. सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत दुपारचे शिक्षक विश्वस्तांना दिसतच नाहीत, कारण बैठका सकाळी होतात. चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, विशेष गरजांच्या मुलांसोबत काम करणारे शिक्षक, बालवाडीच्या ताई यांचा "निकाल" नसतो, म्हणून त्यांचं नाव निघत नाही. विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्या बाई शाळा सुटल्यावर थांबू शकत नाहीत, म्हणून कोणत्याच समितीत नसतात. त्यांचा उपक्रम शाळेच्या वेळेतच बसवलेला असतो आणि तोच बहुधा टिकाऊ ठरतो. तीन वर्षं मानधनावर असलेले शिक्षणसेवक तर नोकरी कायम होईपर्यंत डोकं वर काढायलाच घाबरतात.

वर्गात दोघांनी जावं, एकाने नाही. त्यातल्या एकाला वर्गाच्या माध्यमाची भाषा यायला हवी. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. तमिळ किंवा उर्दू वर्गाच्या मागच्या बाकावर बसून केवळ हावभावांवरून शिकवणं जोखता येत नाही. पूर्वसूचना द्या, अचानक धाड नको. पूर्ण तासिका बसा. शिक्षकापेक्षा मुलांकडे पाहा: प्रश्न कोण विचारतं, मागच्या बाकावर काय चाललंय, चुकलेल्या मुलाला काय उत्तर मिळतं. मग चार-पाच वह्या चाळा, आणि त्या हुशार मुलांच्याच वह्या असणार नाहीत हे पाहा. पाठनिरीक्षणाच्या नोंदीचं लॉगबुक मात्र घरी ठेवून जा. ते दिसलं की शिक्षक निरीक्षणाचा पाठ घेतो, नेहमीचा नाही.

तास संपल्यावर चहा पिताना पाच प्रश्न विचारा. मुलं नेमकी कुठे अडत होती? तुम्ही काय करून पाहिलंत? त्यातलं काय फसलं? आता मुलांना काय येतं, आणि ते कशावरून? तुम्ही रजेवर गेलात तर हे चालू राहील का? काय फसलं ते जो शिक्षक सविस्तर सांगतो त्याने ते खरोखर केलेलं असतं. ज्याचं सगळंच यशस्वी झालं, त्याला आणखी दोन प्रश्न विचारून पाहा.

उत्तरं तुम्ही लिहून घ्या, एका पानात. ते पान शिक्षकाला वाचायला द्या, चुका दुरुस्त करू द्या. झाला प्रस्ताव.

तिसरी पायरी: निवड कोण करणार, कशावर करणार

समिती पाच जणांची पुरे: मुख्याध्यापक, दुसऱ्या शाळेतला एक अनुभवी शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक, एक माजी विद्यार्थी आणि शाळेतल्या शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेला एक प्रतिनिधी. बाहेरचा शिक्षक आवश्यकच. नाहीतर निकाल लागायच्या आधी स्टाफरूममध्ये तो पाठ झालेला असतो. समितीतल्या कोणाचे नातेवाईक यादीत असतील तर त्याने त्या चर्चेपुरतं बाहेर जावं, आणि तसं इतिवृत्तात लिहावं.

दहावीच्या निकालावर बक्षीस द्यायचा मोह होईल. निकालाशी पैसे जोडल्याने काहीच होत नाही, असं नाही. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत मोठा प्रयोग केला. मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना बोनस दिलेल्या शाळांत दोन वर्षांत मुलं गणितात आणि भाषेतही पुढे गेली. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत बोनस वाटले गेले, पण अर्थतज्ज्ञ रोलँड फ्रायर यांच्या अभ्यासात मुलांच्या निकालात सुधारणा दिसली नाही. म्हणजे हे शाळा, परीक्षा आणि बोनसची आखणी यांवर अवलंबून आहे. मुंबईच्या माध्यमिक शाळेत शंभर टक्के निकालाला बक्षीस लावलंत तर काय होईल ते सांगायला अभ्यास कशाला हवा? कच्च्या मुलांना नववीतच, दहावीला बाहेरून बसण्यासाठीचा १७ नंबरचा अर्ज भरायचा सल्ला मिळेल. नव्या कल्पनेचा पहिला प्रयत्न फसायची शक्यताच जास्त असते, आणि निकालावर डोळा असलेला शिक्षक असा धोका पत्करत नाही.

गुण द्यायचेच असतील तर असे द्या: अडचण नेमकी ओळखली का, याला ३०, मुलांमधला बदल दाखवता येतो का, याला ३०, इतर शिक्षकांनी ते उचललं का, याला २०, खर्च आणि वेळ सामान्य शिक्षकाला झेपेल एवढा आहे का, याला २०. आकडे इकडेतिकडे करा, पण शेवटचे दोन निकष काढू नका. एकाच माणसाच्या उत्साहावर चालणारं आणि लाखभर रुपये खाणारं काम कौतुकास्पद असेलही, पण ते शाळेत रुजत नाही.

चौथी पायरी: द्यायचं काय

अनुदानित आणि महापालिका शाळांत १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी मिळू शकते. त्यासाठी प्रशिक्षण, कागदपत्रं अशा अटी पुऱ्या कराव्या लागतात. वर्गात जीव ओतणारा आणि वर्षानुवर्षं तेच टाचण उतरवणारा, दोघं एकाच रांगेत पुढे सरकतात. शाळा ही वेतनश्रेणी बदलू शकत नाही. पण तिच्या हातात बरंच काही असतं आणि ते ती वापरत नाही.

पहिलं बक्षीस वेळ. निवडलेल्या शिक्षकाला एका सत्रात आठवड्याला २ तासिका मोकळ्या द्या, फक्त त्याच्या उपक्रमासाठी. या तासिका "ऑफ" समजून दुसऱ्याच्या बदली वर्गावर पाठवायचं नाही, हे वेळापत्रकाखाली लेखी टाका. त्याचे वर्ग तासिका तत्त्वावर निवृत्त शिक्षकाला द्या. तासिकेला २०० रुपये धरले तर १५ आठवड्यांचे ६,००० होतात. इतक्या थोड्या पैशांत शिक्षकाला याहून मोलाचं काही देता येईल असं मला वाटत नाही.

दुसरं, कामातून सुटका. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं शिक्षण हक्क कायद्यानेच शिक्षकांना लावता येतात, तिथे शाळेचं काही चालत नाही. पण स्नेहसंमेलनाचे हिशोब, सहलीची बस, पोर्टलवरच्या नोंदी हे सगळं शाळेच्या हातात असतं. त्यातली दोन कामं वर्षभरासाठी काढून घ्या. आणि ती दुसऱ्या एका बिचाऱ्याच्या डोक्यावर न लादता चौघांत वाटा, नाहीतर बक्षिसाचा राग बक्षीस मिळवणाऱ्यावर निघतो.

तिसरं, छोटा हातखर्च. १०,००० रुपये, तीन भागांत, साध्या पावत्यांवर, आणि २०० रुपयांच्या पुठ्ठ्यासाठी तीन दरपत्रकं न मागता. शिक्षक आजही खडू, कार्डशीट, प्रिंटआउट स्वतःच्या खिशातून आणतात. ते शाळेला माहीत असतं आणि तरी शाळा गप्प बसते.

चौथं, बाहेरचं जग. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाची, दुसऱ्या माध्यमाची एखादी शाळा. एका दिवसाची कर्तव्यरजा आणि प्रवासखर्च द्या. सोबत त्याच्या पसंतीचा एक सहकारी पाठवा. परतीच्या लोकलमध्ये दोघं जे बोलतील ते कोणत्याही प्रशिक्षणात होत नाही. ज्या शाळांत सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथली किल्ली महिनाभर या शिक्षकाकडे द्या. अनेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या कपाटातच असते.

पाचवं, नोंद. उपक्रमाबद्दल दोन नेमकी वाक्यं गोपनीय अहवालात आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात लिहा. "उत्साही व कष्टाळू" हे सगळ्यांच्याच नावापुढे असतं. "इयत्ता सहावीतल्या, वाचता न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी तयार केलेली घरच्या बोलीतली शब्दकार्डं आता चार तुकड्यांत वापरली जातात" हे त्यांच्या एकट्यांच्याच नावापुढे येईल. आणि त्या कार्डांवर शिक्षकाचं नाव छापा, शाळेचं नंतर.

रोख रक्कम शेवटी ठेवली ती मुद्दामच. शिक्षणसेवकाला जानेवारी २०२३पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० रुपये मानधन आहे. मुंबईत भाडं भरून उरतं काय? त्याच्यासाठी १०,००० रुपये हा मोठा आधार आहे, तिथे हात आखडू नका. पण अनुदानित किंवा महापालिका शाळेतल्या शिक्षकाला बाहेरच्या संस्थेने रोख द्यायची असेल, तर आधी शिक्षण निरीक्षक किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयाची लेखी संमती घ्या. रक्कम धनादेशाने किंवा थेट बँक खात्यात द्या, पाकिटात नको. संस्थेनेच दिली तर करासाठी ती पगारात धरावी लागते का, ते लेखापालाला आधी विचारा.

तिघांना बक्षीस द्यायचं तर हिशोब असा: मोकळ्या तासिका १८,०००, हातखर्च ३०,०००, भेटी ५,०००, समारंभ ७,०००. एकूण ६०,००० रुपये. दहावीच्या एका बॅचचे तीस माजी विद्यार्थी प्रत्येकी २,००० काढू शकतात.

पाचवी पायरी: समारंभ

लहान करा. ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन खरा, पण मुंबईत तो बरेचदा गणपतीत सापडतो. २०२५ला दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. ३ जानेवारी, सावित्रीबाईंचा जन्मदिवस, जास्त सोयीचा. तोवर शोध, भेटी आणि निवड घाई न करता उरकतात, आणि मोकळ्या तासिका दुसऱ्या सत्राच्या वेळापत्रकात बसतात. रविवार टाळा, मेगाब्लॉकमध्ये निम्मे पाहुणे दादरलाच अडकतात. नाट्यगृह भाड्याने घेऊ नका, शाळेचा हॉल चांगला आहे.

शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही. आईवडिलांना ते बघायला आवडतं. पण मान्यवरांच्या भाषणांना मिळून दहा मिनिटं आणि प्रत्येक शिक्षकाला दहा मिनिटं, असं कार्यक्रमपत्रिकेतच छापा. शिक्षकाने आपला उपक्रम करून दाखवावा, जमल्यास मुलांसह. मुलांचे फोटो बाहेर पाठवायचे असतील तर पालकांची संमती घ्या.

सहावी पायरी: नंतरचं वर्ष

बक्षीस मिळाल्याबरोबर त्या शिक्षकाला चार समित्यांवर नेमलं जातं, हा नेहमीचा अनुभव. चांगलं काम करणाऱ्याला शिक्षा म्हणून आणखी काम. वर्षभर त्याला नवीन जबाबदारी द्यायची नाही, असा ठराव निवडीच्याच बैठकीत करून टाका.

त्याच्या वर्गाचं दार मात्र इतरांसाठी उघडं असू द्या. महिन्यातून एक दिवस, एक तासिका, ज्याला यायचं त्याने यावं. सक्ती केलीत तर लोक सही करून मोबाइल बघत बसतील. महापालिकेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. बदली झाली की उपक्रमही जातो, म्हणून तो दोन पानांत लिहून ठेवा: साहित्य, पायऱ्या, कुठे अडतं, किती दिवस लागतात. लिहायचा कंटाळा असेल तर शिक्षकाने बोलावं आणि माजी विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी टिपून घ्यावं.

ही दोन पानं पुढेही उपयोगी पडतात. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद राज्यस्तरीय नवोपक्रम स्पर्धा घेते. अंगणवाडीपासून अधिकाऱ्यांपर्यंत तिचे वेगवेगळे गट असतात. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८पासून शिक्षक स्वतः ऑनलाइन नामांकन भरू शकतो. त्यात पदक, प्रमाणपत्र आणि ५०,००० रुपये असतात. त्याला किमान १० वर्षांची सेवा लागते, आणि खासगी शिकवण्या घेणारा अपात्र ठरतो. मुंबईत ही अट अनेकांना नडते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२०मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळवून दहा लाख डॉलरचे मानकरी झाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या त्यांच्या कामाची सुरुवातही गावातल्या एका वर्गातूनच झाली होती. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून टाकली.

"नोंदणी शुल्क" मागणाऱ्या आदर्श शिक्षक पुरस्कारांपासून आपल्या शिक्षकांना सावध करा. ट्रॉफी, फेटा आणि फोटो यांचे पैसे आपल्याकडूनच घेऊन हॉल भरणारी दुकानं या शहरात कमी नाहीत. असलं प्रमाणपत्र दाखवून कुणी शाळेच्या पुरस्कारासाठी दावा केला, तर समितीने ते बाजूला ठेवावं.

एखाद्या वर्षी कुणीच बसलं नाही तर बक्षीस देऊ नका. ठरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या हातखर्चात टाका आणि तसं नोटीस बोर्डावर लावा. ज्यांच्या वर्गात जाऊन बसलात पण निवड झाली नाही, त्या प्रत्येकाला मुख्याध्यापकांनी त्याचं एक पान परत द्यावं. खाली स्वतःच्या हाताने लिहावं की काय आवडलं, पुढच्या जूनपर्यंत काय पाहायला आवडेल, आणि त्यासाठी शाळेकडून काय लागेल ते सांगा.